रग्बी लीगच्या खालच्या विभागातल्या क्लबांनी रिकामे स्टँड कसे भरावेत: मोसमाआधीपासून शेवटच्या सामन्यापर्यंत

उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशायर, लँकेशायर आणि कंब्रियातल्या लहान रग्बी लीग (१३ खेळाडूंची रग्बी) क्लबांत प्रेक्षक वाढवायची मोहीम साधारण एकाच पद्धतीने चालते. आधी पोस्टर छापतात, मग फेसबुकच्या जाहिरातीवर पैसे घालतात आणि शेवटी फुकट तिकिटं वाटतात. त्या रविवारी स्टँड बरा भरतो. पुढच्या घरच्या सामन्याला मात्र पुन्हा तेच ओळखीचे चेहरे दिसतात.

यातली बहुतेक कामं करायलाच हवीत, पण क्रम उलटा लागतो. माणसाला पहिल्यांदा मैदानावर आणणं सोपं आहे. तो दुसऱ्यांदा आला तरच काही कमावलं. दुसऱ्या भेटीची सोय नसताना केलेली जाहिरात म्हणजे भोक बुजवण्याआधी माठात पाणी ओतणं.

हा लेख क्लबात स्वयंसेवक म्हणून काम करणाऱ्यांसाठी आहे. लीड्स-मँचेस्टरकडे क्रीडा व्यवस्थापन शिकायला येणाऱ्या आणि 'प्रेक्षक वाढवण्याचा आराखडा करा' असं काम हाती पडणाऱ्या आपल्या मुलामुलींनाही तो उपयोगी पडेल. बॅटली, ड्यूजबरी, हन्स्लेट, कीथली, व्हाइटहेवन अशा, सुपर लीग या सर्वांत वरच्या स्पर्धेखालच्या क्लबांची परिस्थिती डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं आहे. तिथे पगारी माणसं मोजकी, खेळाडू बहुतेक अर्धवेळ आणि पैसा कायम तोकडा असतो.

## सुरुवात कधी करायची

मोसम साधारण जानेवारी-फेब्रुवारीत सुरू होतो आणि सप्टेंबरच्या आसपास संपतो. प्रेक्षकांचं काम ऑक्टोबरमध्येच हाती घ्या. फेब्रुवारीत जागं होणाऱ्या क्लबाला शाळांच्या वेळापत्रकात जागा मिळत नाही आणि मैदानाची दुरुस्ती सामन्यांच्या धावपळीत राहून जाते.

एका माणसाला या कामाचा प्रमुख नेमा. समिती नको. समितीत प्रत्येकाला वाटतं की फोन दुसऱ्याने केला असेल.

## टप्पा १: खरा आकडा काढा

क्लब जाहीर करतो तो आकडा आणि मैदानात प्रत्यक्ष असलेली माणसं यांत फरक असतो. समजा, ९०० प्रेक्षक जाहीर झाले. त्यात ४०० सीझन तिकिटं धरली आहेत, पण त्यांतले २८० जणच आले. १५० जण पाहुण्या संघाबरोबर आलेले. ९० पास प्रायोजकांचे आणि खेळाडूंच्या घरच्यांचे. म्हणजे गेटवर पैसे देऊन आलेले आपल्या गावातले प्रेक्षक २६० आणि मैदानातली एकूण माणसं ७८०.

या हिशोबातून दोन वेगळी कामं निघतात. २६० चा आकडा वाढवायचा आहे, आणि पैसे भरूनही घरी राहिलेल्या १२० जणांना परत आणायचं आहे. या दुसऱ्या कामाकडे कुणाचं लक्षच नसतं. तिकीट घेऊन न येणारा माणूस पुढच्या वर्षी तिकीट घेत नाही.

गेल्या मोसमातल्या प्रत्येक घरच्या सामन्यासाठी एक ओळ लिहा: गेटवरची घरची विक्री, हजर सीझन तिकीटवाले, पाहुणे, पास, मुलं, हवामान, सुरू होण्याची वेळ, त्या दिवशी जवळपास दुसरं काय होतं. पाहुण्यांचा रकाना वेगळा ठेवायलाच हवा. भरपूर चाहते सोबत आणणारा संघ आला की आकडा फुगतो आणि आपली मोहीम चालली असा भास होतो.

सावधान: २०२२ मध्ये रग्बी लीगच्या कारभाऱ्यांचा आयएमजी या क्रीडा व्यवसायातल्या कंपनीशी करार झाल्यावर, सुपर लीगमध्ये कोण खेळणार हे ठरवणारी जी श्रेणी पद्धत आली, तिच्यात २० पैकी ५ गुण चाहत्यांच्या पाठबळाला दिले गेले आणि त्यात प्रेक्षकसंख्याही धरली गेली. त्यामुळे आकडा कसा दिसतो याचीच काळजी वाढली. बाहेर कोणताही आकडा जाहीर होवो, आतल्या वहीत खराच लिहा. पुढची सगळी पावलं त्यावर पडणार आहेत.

## टप्पा २: येईनासे झालेल्यांना फोन करा

नवीन माणूस शोधण्याआधी जुना का गेला ते विचारा. गेल्या दोन-तीन वर्षांत ज्यांनी सीझन तिकीट पुन्हा घेतलं नाही, त्यांची यादी काढा. ईमेल नको, फोन करा. शक्यतो क्लबातला परिचित माणूस बोलू दे. प्रश्न तीनच:

१. शेवटचा सामना कोणता पाहिलात?
२. नंतर काय बदललं?
३. कोणाबरोबर यायचात?

तिसऱ्या प्रश्नावर वेळ द्या. लोक संघ हरतो म्हणून गेले असं समितीला वाटतं. फोनवर कळतं की ज्या मित्राच्या गाडीतून यायचे त्याने गाव सोडलं, गुडघे दुखतात म्हणून टेरेसवर, म्हणजे उभं राहून सामना बघायच्या पायऱ्यांवर, उभं राहवत नाही, नात झाली आणि तिला घेऊन बसायला कोरडी जागा नाही. संघ जिंकवणं तुमच्या हातात नाही. गाडीत जागा आणि बाकावर आडोसा मिळवून देणं आहे.

तपासा: निदान ३० फोन होईपर्यंत पुढे जाऊ नका. पाच-सहा फोनांत ज्याचा आवाज मोठा त्याचंच म्हणणं खरं वाटू लागतं.

## टप्पा ३: अनोळखी माणसाच्या पायांनी मैदानात या

कधीही सामना न पाहिलेल्या एखाद्या शेजाऱ्याला घेऊन बसथांब्यापासून बाकापर्यंत चाला. तुम्ही बोलू नका, तो कुठे अडखळतो ते टिपून घ्या. बहुतेक जण पहिल्यांदा फोनच्या पडद्यावरच अडखळतात. सामना किती वाजता, तिकीट कितीला, गाडी कुठे लावायची, गेटवर कार्ड चालतं का, ही चार उत्तरं क्लबाच्या संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर असावीत. बऱ्याच ठिकाणी तिथे मागच्या पराभवाचा वृत्तांत असतो.

मग मैदानातल्या गोष्टी, याच क्रमाने:

- महिलांची स्वच्छतागृहं: दिवा, कडी, कागद, गरम पाणी. कुटुंब पुन्हा येणार की नाही हे बऱ्याचदा इथेच ठरतं.
- मध्यंतराची रांग. मध्यंतर जेमतेम दहा मिनिटांचं. तेवढ्यात चहा हातात पडला नाही तर माणूस वैतागतो. चहाची आणि खाण्याची रांग वेगळी करा.
- ध्वनिक्षेपक. दूरच्या टेरेसवर जाऊन स्वतः ऐका.
- बाबागाडी आणि व्हीलचेअर कुठून येणार, कुठे थांबणार आणि पावसात काय.

बॅटलीच्या माउंट प्लेझंटचं मैदान उतरतं आहे आणि लोकांना ते त्याच रूपात प्रिय आहे. जुनाट मैदानाला कुणाची ना नसते, गलिच्छ मैदानाला असते. नव्या स्टँडची वाट पाहत बसू नका. रंगाचा डबा आणि चार स्वयंसेवकांचा एक शनिवार पुरतो.

सावधान: ५०० किंवा जास्त लोकांच्या छपराखालच्या स्टँडला १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्थानिक परिषदेचं सुरक्षा प्रमाणपत्र लागतं. दहशतवादी हल्ल्यांपासून संरक्षणासाठी २०२५ मध्ये मंजूर झालेल्या मार्टिनच्या कायद्यात ८०० किंवा अधिक माणसं जमू शकणाऱ्या जागांवर जास्त जबाबदाऱ्या आहेत. तो लागू होण्याआधी तयारीला निदान २४ महिने दिले आहेत. म्हणून शेकड्यांनी आमंत्रणं धाडण्याआधी क्लबाच्या सुरक्षा अधिकाऱ्याशी बोला: किती गेट उघडी लागतील, किती स्टुअर्ड (गर्दी सांभाळणारे) लागतील.

## टप्पा ४: तीनच सामने निवडा

सगळ्या घरच्या सामन्यांना गर्दी करायला गेलात तर माणसं आणि पैसा दोन्ही पातळ होतात. वेळापत्रक हाती येताच तीन सामने निवडा.

पहिला मे महिन्यात: हवा बरी आणि शाळा चालू. दुसरा त्यानंतर दोन ते तीन आठवड्यांनी. हा नव्या लोकांना परत बोलवायचा सामना आहे आणि त्याची तारीख पहिल्याआधी पक्की हवी. दोन सामन्यांत महिन्याहून जास्त अंतर पडलं तर आठवण विरते. तिसरा शाळेच्या उन्हाळी सुट्टीत.

निवडताना जवळच्या सुपर लीग क्लबाचा घरचा सामना, गावातल्या फुटबॉल क्लबाचं वेळापत्रक, बँक हॉलिडे (सार्वजनिक सुट्ट्या) आणि हौशी क्लबांच्या अंतिम लढती तपासा. रमजान सध्या मोसमाच्या पहिल्या आठवड्यांत येतो आणि दरवर्षी साधारण ११ दिवस अलीकडे सरकतो. ड्यूजबरी, बॅटली, ओल्डम, कीथली या गावांत हे न पाहता तारीख ठरवली तर गावातला मोठा भाग आधीच वगळला जातो.

नेहमीची चूक: डर्बीला, म्हणजे शेजारच्या गावाशी असलेल्या चुरशीच्या सामन्याला, नवीन लोक बोलावणं. बॅटली-ड्यूजबरी किंवा व्हाइटहेवन-वर्किंग्टन सामन्याला वातावरण जोरदार असतं हे खरं. पण त्या दिवशी रांगा लांब, स्वयंसेवक दमलेले आणि जुने प्रेक्षक तापलेले असतात. नव्या माणसाशी बोलायला कुणाला फुरसत नसते, आणि पुढच्या शांत सामन्याला आला की त्याला फसल्यासारखं वाटतं. डर्बी दुसऱ्या-तिसऱ्या भेटीसाठी राखून ठेवा.

## टप्पा ५: तिकिटाची किंमत

इथे फार वेळ घालवू नका. दोन नियम पाळा.

एक, सीझन तिकीटवाल्याला कधीही वाटता कामा नये की आपण जास्त पैसे भरून मूर्ख ठरलो. म्हणून सवलत त्याच्या हातून द्या. निवडलेल्या सामन्यांसाठी त्याला दोन 'सोबत्याची तिकिटं' द्या, ज्यांवर आणलेल्या माणसाचं नाव आणि संपर्क लिहायचा. ओळखीच्या माणसाबरोबर आलेला पाहुणा पोस्टर पाहून आलेल्यापेक्षा कितीतरी जास्त टिकतो, कारण त्याला शेजारी आयता मिळतो.

दोन, फुकट तिकीट दिलं तरी त्यावर नाव हवं. दुकानाच्या काउंटरवर गठ्ठा ठेवू नका. नाव नसलेल्या तिकिटावर आलेल्याला परत बोलावणार कसं?

नुसती गर्दी पुरत नाही. कॅनडातला टोरोंटो वुल्फपॅक हा क्लब २०१७ मध्ये तिसऱ्या पातळीवर खेळायला लागला आणि त्याच्या लॅम्पोर्ट स्टेडियमवर हजारो लोक आले. तरी २०२० मध्ये पैशाच्या अडचणीमुळे क्लबाला मोसम अर्धवट सोडावा लागला. गर्दीची वही आणि पैशाची वही वेगळी ठेवा आणि दोन्ही दर सामन्याला भरा.

## टप्पा ६: आमंत्रण द्या, जाहिरात नंतर

'सर्वांचे स्वागत' असं लिहिलं की ते कुणालाच उद्देशून नसतं. ठरावीक गटाला, ठरावीक सामन्याला, ओळखीच्या माणसाने बोलवायचं. तीन गट पुरेत.

हौशी क्लब. आधी यांच्याकडे जा. गावातल्या हौशी क्लबात मुलं, आईवडील, प्रशिक्षक सगळे खेळ जाणणारे, तरी यांतले बरेच जण गावच्या व्यावसायिक क्लबाकडे फिरकत नाहीत. त्यांचे लहान गट बहुधा रविवारी सकाळी खेळतात आणि आपला सामना त्याच दिवशी दुपारी ३ ला. मधली जेवणाची वेळ तुमची आहे. नऊ वर्षांखालच्या दोन संघांना मध्यंतरात मैदानावर खेळवा. मुलामागे आई, बाप, आजी आणि एखादं भावंड येतं. एकाच क्लबाला दरवेळी बोलावू नका, यादीप्रमाणे पाळी लावा. त्यांच्या खेळाडूंना पळवण्यासाठी आलोय असा वास येऊ देऊ नका. त्या संशयावरून बरीच नाती तुटलेली आहेत.

शाळा. इथे घाई सगळ्यात जास्त नडते. अर्धवेळ खेळाडू दिवसा प्लंबर, शिक्षक, गोदामातले कामगार असतात आणि संध्याकाळी सराव करतात. त्यांना मंगळवारी सकाळी शाळेत पाठवायचं तर मालकाकडून रजा काढावी लागते, म्हणून तारखा महिनाभर आधी ठरवा. एका शाळेत एकदा जाऊन फोटो काढण्यापेक्षा चार शाळांत प्रत्येकी तीनदा जा. तिसऱ्या भेटीत मुलांना खेळाडूचं नाव पाठ असतं. मुलाचं तिकीट फुकट, मोठ्याचं अर्ध्या किमतीत, आणि ते पालकाने शाळेच्या कोडवर स्वतः नोंदवायचं.

कीथलीने १९९१ मध्ये कुगर्स हे नाव घेतलं आणि पुढच्या काही वर्षांत शेकड्यांतले प्रेक्षक हजारांत गेले. इतर क्लबांनी तिथलं संगीत, शुभंकर आणि रोषणाई उचलली. त्याच्या जोडीला शाळा-शाळांतून चाललेलं चिकाटीचं काम फार कमी जणांनी उचललं.

गावातल्या ज्या लोकांना अजून कुणी विचारलंच नाही. ड्यूजबरी, बॅटली, ब्रॅडफर्ड, ओल्डममध्ये पाकिस्तानी आणि गुजराती मुळांची वस्ती मोठी आहे, आणि स्टँडमध्ये ती फारच थोडी दिसते. खेळ त्यांना परका नाही. इक्रम बट १९९५ मध्ये इंग्लंडकडून खेळले, तसे खेळणारे ते पहिले ब्रिटिश आशियाई. अडचणी साध्या असतात: हलाल खाणं नाही, दारूशिवाय बसायला कोपरा नाही, नमाजासाठी शांत खोली नाही. फुटबॉलमध्ये मैदान दिसेल अशा जागी दारू प्यायला १९८५ च्या कायद्याने बंदी आहे. ती रग्बी लीगला लागू नाही, त्यामुळे ग्लास घेऊन माणसं कुठेही उभी असतात. एका स्टँडचा एक भाग दारूमुक्त ठेवा. याचा फायदा लहान मुलं असलेल्या सगळ्यांनाच होतो. आपल्याकडून तिथे कामाला गेलेली डॉक्टर, नर्स, आयटीवाली मराठी कुटुंबंही याच यादीत येतात. त्यांतल्या शाकाहाऱ्यांसाठी चीज-कांद्याची पाई ठेवली आणि ती आहे हे आधी कळवलं, तर अर्धी अडचण सुटते. निरोप मशिदीच्या, मंडळाच्या किंवा क्रिकेट क्लबाच्या माणसाकडून जाऊ द्या. क्लबाच्या पत्रकावर कुणी विश्वास ठेवत नाही आणि त्यात त्यांची चूक नाही.

सावधान: मुलांच्या बाबतीत क्लबाच्या बालसंरक्षण अधिकाऱ्याला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. फोटोसाठी पालकांची लेखी संमती हवी. नाव आणि ईमेल पालकाचं घ्यायचं, मुलाचं नाही. पुढचे निरोप पाठवायला वेगळी परवानगी लागते. आधीच टिक केलेला चौकोन परवानगी ठरत नाही.

## टप्पा ७: सामन्याचा दिवस

३ चा सामना असेल तर १.३० ला गेट उघडा आणि तेव्हापासून काही ना काही चालू असू द्या. आमंत्रित गटांसाठी वेगळं गेट ठेवा. तिथे स्टुअर्डखेरीज दोन स्वयंसेवक हवेत, ज्यांचं काम फक्त 'या, तुमची जागा इकडे' एवढंच.

प्रत्येक नव्या माणसाला पोस्टकार्डाएवढा कागद द्या: १३ खेळाडू, ८० मिनिटं, चेंडू राखायला सहा टॅकल (चेंडूवाल्याला धरून थांबवणं), ट्रायचे (चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवण्याचे) ४ गुण, गोलच्या किकचे २, ड्रॉप गोलचा (चालू खेळात मारलेल्या किकचा) १. इंग्लंडमध्ये अनेकांना दुसऱ्या प्रकारची, १५ खेळाडूंची रग्बी ठाऊक असते आणि ते लाइनआउटची (त्या खेळात चेंडू बाजूच्या रेषेवरून आत फेकण्याची) वाट पाहत बसतात. निवेदकाने पहिली दहा मिनिटं टॅकल मोजून सांगावेत. जुन्या प्रेक्षकांना ते आवडणार नाही, त्यांना आधी विनंती करून ठेवा.

सामना संपल्यावरची वीस मिनिटं या पातळीवरच्या क्लबाची सगळ्यात मोठी ताकद आहे. मोठ्या मैदानांवर खेळाडू दुरून हात हलवतात. इथे मुलाला कठड्यापाशी त्याच्याशी हात मिळवता येतो. चिखलाने माखलेला प्रॉप (आघाडीचा धिप्पाड खेळाडू) सात वर्षांच्या मुलीला तिचं नाव विचारतो तेव्हा पुढच्या सामन्याचा निर्णय तीच करते. हे नशिबावर सोडू नका. कोणते चार खेळाडू कोणत्या कठड्याकडे जाणार ते प्रशिक्षकाशी शुक्रवारीच ठरवा. संघ हरला तरी जायचं, हे त्यांना आधी सांगा.

## टप्पा ८: ४८ तासांत दुसरं बोलावणं

बहुतेक क्लब नेमके इथे थांबतात. गर्दी झाली, फोटो टाकले, सगळे घरी गेले.

मंगळवार दुपारपर्यंत परवानगी दिलेल्या प्रत्येकाला निरोप गेला पाहिजे. त्यात पुढची ठरावीक तारीख हवी. 'पुन्हा कधीतरी या' याला काही अर्थ नाही. साधारण असा: "रविवारी तुमचं कुटुंब आलं, आनंद झाला. ७ जूनला दुपारी ३ वाजता पुढचा सामना आहे. तुमची चार तिकिटं त्याच भागात राखून ठेवली आहेत. येणार असाल तर शुक्रवारपर्यंत कळवा." गटांच्या प्रमुखाला मात्र फोनच करा: काय आवडलं, काय खटकलं. खटकलेली एक गोष्ट पुढच्या सामन्याआधी दुरुस्त करून त्यांना कळवा.

दुसऱ्या तिकिटाला थोडे तरी पैसे घ्या. दोनदा फुकट आलेला माणूस तिसऱ्यांदा पैसे द्यायला तयार होत नाही.

तपासा: निरोप कोण पाठवणार, मजकूर तयार आहे का, यादी कोणाकडे येणार, हे सामन्याच्या आधीच्या गुरुवारी ठरलेलं असावं. रविवारी रात्री कुणाच्याही अंगात त्राण नसतं.

## टप्पा ९: कोण परत आलं ते मोजा

प्रत्येक गटासमोर तीन रकाने: पहिल्यांदा किती, दुसऱ्यांदा किती, तिसऱ्यांदा किती. समजा, हौशी क्लबाकडून ६० आले, त्यांतले २१ दुसऱ्यांदा आणि १२ तिसऱ्यांदा. फेसबुकच्या सवलतीवर २०० आले, त्यांतले ८ दुसऱ्यांदा आणि एकच तिसऱ्यांदा. पहिल्या दिवशी स्टँड दुसऱ्या मार्गाने भरलेला दिसला असेल, पण पैसा आणि वेळ पहिल्या मार्गाला द्या. समितीला हे पटवायला वेळ लागतो, म्हणून आकडे भिंतीवर लावा.

तिसऱ्यांदा आलेल्यांची नावं वेगळ्या कागदावर काढा. मोसमाच्या शेवटच्या घरच्या सामन्याला गेटपाशी टेबल मांडा, पुढच्या वर्षीची सीझन तिकिटं तिथे हप्त्यांवर द्या आणि या यादीतल्या प्रत्येकाला त्या आठवड्यात फोन करा. टेबलावर असा माणूस बसवा ज्याला त्यांची नावं माहीत आहेत. तिथे कार्डाचं यंत्र ठेवा आणि त्याची बॅटरी आदल्या रात्री चार्ज करा.